म्हणींबद्दल लोक मला कायम विचारतात ते प्रश्न

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गणपतीच्या तिसऱ्या दिवशी म्हणींची स्पर्धा असते. अर्धी म्हण मी बोलायची, उरलेली समोरच्याने पूर्ण करायची आणि अर्थ सांगायचा, बक्षीस स्टीलचा डबा. गेली काही वर्षं हे काम माझ्याच गळ्यात आहे कारण एकदा हो म्हटलं की सोसायटीत ते जन्माचं होतं. मी भाषेचा मास्तर वगैरे नाही, बँकेत कॅशियर होतो, पण आजीच्या तोंडी इतक्या म्हणी होत्या की तिला साधं वाक्य बोलताना मी क्वचितच ऐकलंय. स्पर्धा झाली की लोक जिन्यात गाठून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

म्हण आणि वाक्प्रचार यात फरक काय?

शाळेत पाठ केलेली व्याख्या विसरा. वाक्प्रचार वाक्यात घालून वाकवावा लागतो: कानाडोळा केला, कानाडोळा करतेस, कानाडोळा करू नको. म्हण मात्र आहे तशी फेकायची, "काखेत कळसा गावाला वळसा", झालं, पुढे मागे काही लावायची गरज नाही. मधल्या हद्दीवर बसलेल्याही पुष्कळ आहेत, त्यावरून दोन मार्क कापणाऱ्या शिक्षकांशी मी वाद घालत नाही.

म्हणी लिहिल्या कोणी?

बहुतेकींना बाप नाही. जात्यावर, पाणवठ्यावर, बाजारात कोणीतरी चटकन काहीतरी बोललं, ऐकणाऱ्याला ते लागलं, त्याने दुसऱ्याला ऐकवलं आणि असं घासत घासत तिला यमक आणि गुळगुळीतपणा आला.

पण काहींचा पत्ता सापडतो. "महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती" ही तुकोबांची ओळ, "लहानपण देगा देवा" याच अभंगातली. "शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी" पण त्यांचीच. "केल्याने होत आहे रे" समर्थांचं. "बालिश बहु बायकांत बडबडला" हे मोरोपंतांचं, महाभारतातल्या विराट राजाच्या उत्तर नावाच्या मुलाबद्दल, जो अंतःपुरात बसून कौरवांना झोडपायच्या बाता मारत होता आणि रणांगणावर सैन्य बघून रथातून उडी मारून पळाला. आणि "कोल्ह्याला द्राक्षं आंबट" तर इसापाची, म्हणजे ग्रीक. आपल्याकडे इसाप छापून आला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात, १८०६ साली. दोनशे वर्षांत तो कोल्हा इतका मराठी झाला की परका आहे हे कोणाला सांगूनही पटत नाही. आपला अस्सल कोल्हा काकडीला राजी असतो, द्राक्षाबिक्षाच्या फंदात तो पडत नाही.

"प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे" ही म्हण प्रयत्नाचं महत्त्व सांगते ना?

ह्या एका प्रश्नासाठी मी वर्षभर थांबायला तयार असतो. नाही हो, सांगत नाही!

शाळेच्या भिंतीवर, क्लासच्या जाहिरातीत, एमपीएससी वाल्यांच्या स्टेटसला, सगळीकडे ही ओळ असते आणि सगळीकडे अर्धीच असते. मूळ श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला आणि त्याचं मराठी केलं सतराव्या शतकातल्या वामन पंडितांनी. पूर्ण श्लोक काय म्हणतो ते बघा: एक वेळ वाळू रगडून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात फिरताना सशाचं शिंगसुद्धा सापडेल, पण मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही. म्हणजे तेल, मृगजळ आणि शिंग ही तिन्ही अशक्य गोष्टींची उदाहरणं आहेत, आणि चौथी त्याहून अशक्य! कवी बिचारा मूर्खापुढे हात टेकून बसलाय आणि आपण त्याची पहिली ओळ कापून पोरांना अभ्यासाला बसवतोय.

मला विचाराल तर यात लोकांची चूक नाही. माणसाला आशा हवी असते, त्याने श्लोकातून तेवढीच उचलली आणि मूर्खाची ओळ सोडून दिली, कारण ती कोणाच्या भिंतीवर लावणार? पण स्पर्धेत मी हा प्रश्न दरवर्षी घालतो आणि डबा वाचवतो.

काही म्हणींचा अर्थच लागत नाही. बैल गेल्यावर झोप कशी काय लागते?

झोप नाही, झोपा. झोपा म्हणजे गोठ्याचं दार, काठ्या-कुडाचं विणलेलं. बैल चोरीला गेला आणि मग मालकाने गोठ्याला दार बसवलं, असा साधा अर्थ. सोसायटीत दोन सायकली गेल्यावर आम्ही सीसीटीव्ही लावला, त्याला हेच म्हणतात. पण गोठे गेले, कुडाची दारं गेली, शब्द एकटा उरला म्हणून पोरं "बैल गेला आणि झोपी गेला" असं बिनधास्त लिहितात, आणि खरं सांगायचं तर तशीही एक वेगळी म्हण होऊ शकेल.

असेच आणखी काही गंडवणारे शब्द आहेत. काखेतला कळसा हा देवळाचा कळस नाही, कळसा म्हणजे पाण्याचं लहान भांडं, कळशीचा भाऊ. बाई भांडं काखेला मारून तेच भांडं गावभर शोधतेय असं ते चित्र. "दुरून डोंगर साजरे" मधले डोंगर वाढदिवस साजरा करत नाहीत, साजरं म्हणजे देखणं. विदर्भात अजूनही पोरगी साजरी दिसते असं म्हणतात. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" मधला आड म्हणजे पायऱ्या नसलेली अरुंद विहीर आणि पोहरा म्हणजे त्यात सोडायची बादली. आणि सगळ्यात गोड चूक "चोराच्या मनात चांदणं", ती लोकांना प्रेमाची वाटते. एका काकूंनी लग्नाच्या वाढदिवसाला काकांच्या फोटोखाली चक्क हे लिहिलं होतं! अहो, चांदणं म्हणजे चोराची भीती. काळोख असला तरी त्याला आपलं वाटत राहतं की उजेड पडलाय, सगळे बघतायत. काका तेव्हापासून ग्रुपवर थोडे शांतच असतात.

सुंभ म्हणजे काय? तो जळला तरी पीळ का जात नाही?

सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याची दोरी. पूर्वी पानाच्या टपरीला एक सुंभ टांगलेला असायचा, खालचं टोक धुमसत ठेवलेलं, गिऱ्हाईक वाकून त्यावर बिडी पेटवायचं, काडी वाचायची. मी लहान असताना गुहागरकडे आजोळी गेलो की आजीच्या घराजवळच्या टपरीवर हे बघत बसायचो. टोक जळत वर सरकायचं आणि खाली राख लोंबत राहायची, पण ती राखसुद्धा दोरीसारखी वळलेली. एकेक पेड वेगळा मोजता यायचा. हात लावला की पिठासारखी गळून पडायची, पण हात लावेपर्यंत ऐट पूर्ण दोरीची.

एकदा बघितलं की ही म्हण समजवावी लागत नाही. जमीन गेली, वाडा गेला, भाऊबंदकीत होतं नव्हतं ते वकिलाच्या घशात गेलं, तरी लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली नाही म्हणून न जेवता परत जाणारे एक नातेवाईक आम्हाला होते. आजी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून फक्त "सुंभ" एवढंच म्हणायची, पुढचं आम्ही मनात पूर्ण करायचो.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" आणि "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं" ह्या त्याच गोत्रातल्या, पण त्यात खोड आहे, तोरा नाही. तोऱ्याला सुंभच पाहिजे.

माणसाच्या कुठल्या दुर्गुणावर सगळ्यात जास्त म्हणी आहेत?

मी मोजदाद केलेली नाही, पण माझ्या वहीत बघितलं तर रागावर कमी, लोभावर बऱ्या, आणि पोकळ देखाव्यावर पानंच्या पानं. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. बडा घर पोकळ वासा. उथळ पाण्याला खळखळाट फार. नाकापेक्षा मोती जड. झाकली मूठ सव्वा लाखाची. उतावळ्या नवऱ्याने बाशिंग कपाळाऐवजी गुडघ्याला बांधलं तेही ह्यातच येईल. माणूस भिकारी आहे याचं आपल्या पूर्वजांना काही वाटत नव्हतं, तो श्रीमंतीचा आव आणतोय हे बघून मात्र त्यांच्या जिभेला खाज सुटायची.

दुसरा नंबर कृतघ्नपणाचा. गरज सरो वैद्य मरो, कामापुरता मामा, ताकापुरती आजी. आणि तिसरा, जो मला फार आवडतो, स्वतःचं ते सोनं: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ह्या म्हणीवर आमच्या पालक मीटिंगा चालतात, फक्त कोणी तोंडाने बोलत नाही.

गेलेल्याला मोठं करायची खोड पण सुटलेली नाही: मेल्या म्हशीला मणभर दूध. मण म्हणजे चाळीस शेर, एवढं दूध देणारी म्हैस कोणाच्या गोठ्यात नव्हती. पण ती मेली, आता कोण मोजायला जातंय? रिटायर झालेल्या साहेबांबद्दल निरोप समारंभात जी भाषणं होतात (मी सात-आठ ऐकलीत, दोन केलीत) ती ऐकताना मला दर वेळी ही म्हैस आठवते.

"ताकाला जाऊन भांडं लपवणे" यात चुकीचं काय? भांडं लपवलं तर लपवलं.

पूर्वी ताक विकायची गोष्ट नव्हती. ज्याच्या घरी दुभतं त्याने लोणी काढून घ्यायचं आणि उरलेलं ताक शेजारीपाजारी वाटायचं. मागणारी यायची, पदराखाली भांडं, आणि थेट मागायची नाही. आधी पाऊसपाणी, मग सुनेचं बाळंतपण, मग गावातली भांडणं. घरच्या बाईला पहिल्या मिनिटाला कळलेलं असायचं ही कशाला आलीय ते, आणि तिला कळलंय हे हिलाही माहीत असायचं. तरी दोघी अर्धा तास बोलायच्या.

शाळेत ह्याचा अर्थ "उघड गोष्ट लपवण्याचा प्रयत्न करणे" असा देतात आणि तो बरोबर आहे, पण त्यातली लाज राहून जाते. मागणं आलं की माणूस आडवळणाने येतो, आजही. सकाळी सातला "गुड मॉर्निंग, कसे आहात" असा मेसेज आलेला असतो चार वर्षं न बोललेल्या माणसाचा, मग "घरी सगळे ठीक?", मग "तुमची आठवण आली", आणि मी फोन हातात धरून बघत बसतो की भांडं कधी बाहेर येतंय. साडेनऊला येतं.

म्हणी एकमेकींच्या विरुद्ध का असतात? मग खरं कुठलं धरायचं?

विरुद्ध असणारच. खाण तशी माती म्हणतात आणि सूर्यापोटी शनैश्वर पण म्हणतात. पाचामुखी परमेश्वर म्हणतात आणि ऐकावं जनाचं करावं मनाचं पण म्हणतात. गप्प बसणाऱ्याला मौनं सर्वार्थसाधनम् सांगून शहाणा ठरवतात आणि त्याच घरात "बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत" असंही ऐकवतात.

गोंधळ होतो तो म्हण म्हणजे नियम आहे असं समजल्यामुळे. म्हण नियम नाही, ती हत्यारपेटीतली पकड आहे, नट बघून काढायची. मुलगा बापावर गेला की खाण तशी माती, नाही गेला की सूर्यापोटी शनैश्वर. दोन्ही वेळा बोलणारा आधीच ठरवून बसलेला असतो, म्हण तो नंतर शोधतो. म्हणून मी तर म्हणतो की म्हण ज्याच्याबद्दल बोलली जाते त्याच्यापेक्षा बोलणाऱ्याचा स्वभाव जास्त दाखवते. आमच्या मामांना कोणी नवीन धंदा काढला की "अति तेथे माती" आठवायचं आणि मामीला त्याच बातमीवर "थेंबे थेंबे तळे साचे". एकच बातमी, एकच चहा, दोन माणसं.

"लेकी बोले सुने लागे" हे आजच्या घरात कुठे चालतं?

कुठे चालत नाही ते विचारा. सासूने सुनेला थेट बोलायचं नाही, घरात कटकट नको, म्हणून स्वतःच्या लेकीला रागवायचं, "अगं दुपारचे बारा वाजले, अजून भांडी तशीच!" लेक जाणते, सून पण जाणते, आणि तक्रार कोणाचीच करता येत नाही कारण सुनेला कोणी काही बोललेलंच नाही.

आता सासू व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवते. तंत्र तेच.

माझ्या मते जवळजवळ सगळ्याच म्हणी ह्याच कामासाठी बनल्यात. "तू खोटारडा आहेस" म्हटलं तर भांडण होतं, "कर नाही त्याला डर कशाला" म्हटलं तर मी कुठे तुझं नाव घेतलं? बोलणाऱ्याला पळवाट, ऐकणाऱ्याला आतला मार. आणि त्याने उलटून विचारलंच की मला म्हणालात का, तर "खाई त्याला खवखवे" ही दुसरी म्हण तयार असतेच.

मी स्वतःवर म्हण वापरली तर? त्यात तर कोणाला लागणार नाही?

असं मलाही वाटायचं. ब्रँचमध्ये एकदा नवीन सॉफ्टवेअर आलं, मला ते बाकीच्यांपेक्षा थोडं आधी जमलं, आणि साहेबांनी कौतुक केल्यावर मी मोठ्या विनयाने म्हणालो, "काही नाही हो, वासरात लंगडी गाय शहाणी." सगळे हसले. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसायची, लहानपणी पोलिओ झालेली, ती पण हसली, पण जरा उशिरा हसली. तो उशीर मला अजून आठवतो. काही बोलली नाही ती, संध्याकाळी नेहमीसारखा डबाही शेअर केला. मी स्वतःला बोललो होतो आणि लागलं दुसऱ्याच टेबलावर.

त्यानंतर स्पर्धेच्या यादीतून मी आंधळा, बहिरा, लंगडा असलेल्या सगळ्या म्हणी काढल्या.

म्हणजे आक्षेपार्ह म्हणी विसरून जायच्या का?

जुन्या संग्रहांत जातीवरच्या म्हणी ढिगाने आहेत, प्रत्येक जातीने दुसरीला काढलेल्या, आणि बायकांवरच्या तर विचारू नका, "पायीची वहाण पायीच बरी" ही त्यातली सौम्य म्हणावी लागेल. लोकांचं म्हणणं असतं की हा आपला ठेवा आहे, शहाणपण आहे. ठेवा आहे हे मान्य, शहाणपण सगळंच आहे हे अमान्य. म्हणी बोलणाऱ्यांच्या हातात सत्ता होती की नाही ते त्यातून दिसतं, अभ्यास करणाऱ्याने जरूर वाचाव्यात, कोशातून खोडू नयेत. फक्त लग्नाच्या पंगतीत हसत हसत मारायच्या नाहीत. यावर एका गृहस्थांनी मला "भावना इतक्या नाजूक असतील तर भाषाच बंद करा" असं सुनावलं होतं, त्यांना मी आजीच्या पद्धतीने एकच शब्द मनात म्हटला. वर येऊन गेलाय तो.

पुराणातली वांगी की वानगी?

तोंडात वांगी आहे. गोष्ट अशी सांगतात की पुराणिकबुवांनी देवळात सांगितलं, वांगी खाऊ नयेत, पाप लागतं. बायको ऐकत होती, तिने घरातली वांगी टाकून दिली. बुवा घरी येऊन पानावर बसले आणि विचारतात, भरली वांगी कुठायत? तिने सांगितलं तर म्हणाले, अगं ती पुराणातली वांगी पुराणात! काही जाणकार म्हणतात मूळ शब्द वानगी, म्हणजे नमुना किंवा दाखला, पुराणातले दाखले पुराणात राहू द्या. अर्थ दोन्हीकडे तोच येतो, बोलायचं एक आणि वागायचं एक. मला वांगीच बरी वाटतात, तेलावर परतलेली.

साडेतीन शहाणे कोण? आणि अर्धा का?

हे पेशवाईतले मुत्सद्दी: सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे पूर्ण, आणि नाना फडणीस अर्धे. नानांना अर्धं का, तर डोकं अफाट पण तलवारीशी गाठ नाही, असं सांगतात. मराठी माणूस नाना फडणीसांनासुद्धा अर्धा मार्क कापतो, हे मला ह्या म्हणीत सगळ्यात मराठी वाटतं.

शहाणपणावर एकूणच आपला राग. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. उंटावरचा शहाणा तर त्याहून पुढे: वासराचं डोकं रांजणात अडकलं, गावाने शहाण्याला बोलावलं, तो उंटावरून उतरायला तयार नाही, म्हणून त्याच्यासाठी वाड्याचा दरवाजा पाडला, मग आत येऊन तो सांगतो वासराची मान कापा, आणि मान कापल्यावर डोकं रांजणातच राहिलं तर म्हणतो आता रांजण फोडा. कन्सल्टंट लोकांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

दुष्काळात तेरावा महिना कुठून आला?

अधिक महिना. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो आणि त्या वर्षाला तेरा महिने होतात. आधीच धान्य पुरत नाही, त्यात वर्ष लांबलं.

ह्याच म्हणी हिंदीतही आहेत, मग आपण चोरल्या की त्यांनी?

कोणीच नाही. नाचता येईना अंगण वाकडं हे हिंदीत आहे, गोव्याच्या कोकणीत पण आहे. तिथे म्हणींना ओपारी असाही गोड शब्द आहे. करायला गेलो गणपती आणि झालं माकड हे संस्कृतातही विनायक आणि वानर असं सापडतं. माणसं बाजाराला, यात्रेला, लग्नाला इकडून तिकडे जात होती, म्हणी बरोबर गेल्या. आणि स्वतःला जमलं नाही की जमिनीला दोष द्यायचा हे काही एका भाषेला सुचणारं नाही. पळसाला पानं तीनच, कुठेही जा.

जुने संग्रह कुठे बघायला मिळतील?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्दाच्या पोटात म्हणी सापडतात. मी झोपा हा शब्द त्यातच पक्का केला. मॅनवेरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणी गोळा करून १८९९ मध्ये ऑक्सफर्डला छापल्या. गोरा साहेब गावोगावच्या लोकांना विचारतोय आणि लोक त्याला "उचलली जीभ लावली टाळ्याला" समजावून देतायत, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा. दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश मोठ्या वाचनालयात असतो, पण तो घेऊन बसलात तर संध्याकाळ गेली समजा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आधी त्यांच्याकडे जा. फक्त "म्हणी सांगा" म्हणू नका, एकही आठवत नाही. शेजाऱ्यांबद्दल विचारा.

जुन्या पैशांच्या, मापांच्या म्हणी आता बदलायच्या का?

नको. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. आणे १९५७ ला हिशोबातून गेले, चार आण्याचं नाणंसुद्धा २०११ मध्ये बंद झालं, कोंबडी अजून चार आण्यालाच आहे. पंचवीस पैशाची कोंबडी म्हणून बघा एकदा, चव गेली.

नवीन म्हणी तयार होतात का?

होतात, पण टिकतील का ते आपण नाही बघणार. स्पर्धेत "नवी म्हण बनवा" अशी एक फेरी ठेवली होती. बहुतेकांनी सुविचार लिहून आणले, "मोबाईल कमी वापरा, कुटुंबाला वेळ द्या" असलं. त्यात काटा नाही, ती म्हण कशी होईल? पण आठवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं: "नाव इन्फ्लुएन्सर, रिचार्ज बापाच्या खात्यावर". सोनूबाईचा कथलाचा वाळा, नवा कोरा. डबा तिला गेला आणि मागच्या रांगेत बसलेला तिचा भाऊ उठून बाहेर गेला, म्हणजे म्हण बरोबर जागी लागली होती.

इंग्लिश मीडियमच्या पोरांना म्हणी कशा शिकवायच्या?

पाठ करून घेऊ नका. त्यांच्यासमोर वापरा, तेवढं पुरे. आमच्या पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात. परवा एक जण पहिल्याच बॉलला बोल्ड झाला आणि पेव्हर ब्लॉकवर बॅट आपटत म्हणाला, पीच खराब आहे. मी कट्ट्यावर पेपर वाचत होतो, वर न बघता म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." बॉलरला एवढा आनंद झाला की त्याने ते तीनदा ओरडून म्हटलं, त्याच्या टीमने उचललं, सगळं पार्किंग घुमलं. बोल्ड झालेला पोरगा लाल तोंड करून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, अंगण खरंच वाकडं आहे, तुम्ही या ना बघायला." गेलो. त्याने बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर ठेवला आणि सोडून दिला, बॉल आपला आपण निघाला आणि लेग स्टंपवरून जाऊन गटाराच्या जाळीवर थांबला. पुन्हा ठेवला, पुन्हा तिथेच. बिल्डरने उतार गटाराकडे काढलाय.

अंगण वाकडं होतं. आउट मात्र दिला त्याला.